सतरा दिवस, दोन अपक्ष : सरकार कुणाचं हे ठरतं कसं?

निकाल त्रिशंकू लागला की आपल्याकडे बातम्यांची भाषा एका रात्रीत बदलते. हॉटेल, बस, विमान, 'संपर्काबाहेर' गेलेले आमदार आणि मग खोक्यांची चर्चा. अपक्ष म्हणजे ज्याचा भाव ठरायचा बाकी आहे असा माणूस, हे आपण धरूनच चालतो. उगाच धरत नाही, त्याला कारणं आहेत. तरीही कुणाला पाठिंबा द्यायचा हा अपक्षापुढचा हिशेब वाटतो त्यापेक्षा बराच किचकट असतो. तो बंद खोलीत होतो म्हणून आपल्याला दिसत नाही, एवढंच. ऑस्ट्रेलियात 2010 मध्ये तो बऱ्यापैकी उघड्यावर झाला, म्हणून हे उदाहरण घेतोय.

21 ऑगस्ट 2010 ला मतदान झालं. तिथल्या कनिष्ठ सभागृहात तेव्हा 150 जागा, म्हणजे बहुमताला 76. दोनच महिन्यांपूर्वी आपल्याच पक्षाच्या केविन रड यांना बाजूला सारून पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड यांच्या लेबर पक्षाला 72 जागा मिळाल्या. टोनी अ‍ॅबट यांच्या लिबरल-नॅशनल आघाडीलाही 72. उरले सहा. त्यातले टोनी क्रूक पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल पक्षाचे, ते शेवटी अ‍ॅबट यांच्या बाजूला मोजले गेले. मेलबर्नचे अ‍ॅडम बँट ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाचे, ते लेबरकडे जाणार हे आधीपासून ठाऊक होतं. राहिले चार खरेखुरे अपक्ष : टास्मानियातले अँड्र्यू विल्की, क्वीन्सलंडचे बॉब कॅटर आणि न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागातले टोनी विंडसर व रॉब ओकशॉट.

पुढचे सतरा दिवस देशाला सरकार कुणाचं येणार हे माहीत नव्हतं. काळजीवाहू सरकार चालू होतं, कार्यालयं उघडत होती, पगार होत होते.

पाठिंबा म्हणजे नेमकं काय द्यायचं?

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. अपक्षानं पाठिंबा दिला म्हणजे तो पाच वर्षं (ऑस्ट्रेलियात तीन) त्या पक्षाच्या प्रत्येक विधेयकाला हात वर करणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अल्पमतातल्या सरकारला जगायला दोनच गोष्टींची हमी लागते. अविश्वास ठराव आला तर सरकार पडता कामा नये, आणि अर्थसंकल्प मंजूर झाला पाहिजे. तिजोरीतून पैसा काढायची परवानगी सभागृह देतं. ती नाकारली की सरकारनं जायचं, हा ब्रिटिश वळणाच्या सगळ्या संसदांचा रिवाज. आपलाही तोच.

हा रिवाज नुसता पुस्तकातला नाही. ऑक्टोबर 1941 मध्ये, ऐन महायुद्धात, आर्थर कोल्स आणि अलेक्झांडर विल्सन हे दोन अपक्ष आर्थर फॅडन यांच्या सरकारच्या अर्थसंकल्पाविरुद्ध गेले. 36 विरुद्ध 33 मतांनी सरकार हरलं आणि चार दिवसांत लेबरचे जॉन कर्टिन पंतप्रधान झाले. मध्ये निवडणूक नाही, काही नाही. दोन माणसांनी बाजू बदलली आणि देशाचा युद्धकाळातला पंतप्रधान बदलला.

म्हणजे अपक्ष जे देतो ते फार थोडं असतं, पण तेच सगळ्यात महाग असतं. बाकीच्या विधेयकांवर तो मोकळा. पक्षाच्या खासदाराला व्हिप असतो, याला तो लागू नाही. या मोकळेपणामुळेच त्याची किंमत पहिल्या दिवशीच्या पाठिंब्यावर संपत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकाला पुन्हा त्याच्या दारी यावं लागतं.

सोपं उत्तर समोर होतं

विंडसर, ओकशॉट आणि कॅटर तिघंही एकेकाळचे नॅशनल पक्षातले. म्हणजे अ‍ॅबट यांच्या आघाडीतल्या शेतकऱ्यांच्या पक्षातले. तिघंही वेगवेगळ्या कारणांनी बाहेर पडले होते आणि जुन्या पक्षाबद्दल त्यांच्या मनात फारसा जिव्हाळा उरला नव्हता. पण मतदार तेच. विंडसर यांच्या न्यू इंग्लंड मतदारसंघात त्या निवडणुकीत त्यांना स्वतःला साठ टक्क्यांहून जास्त मतं पडली, आणि लेबरच्या उमेदवाराला दहा टक्केही नाहीत. अशा ठिकाणच्या माणसानं लेबरचं सरकार आणायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. मतदारसंघाचा कल बघून चालायचं ठरवलं असतं, तर निर्णय पाच मिनिटांत झाला असता.

शिवाय विंडसर यांना अल्पमतातलं सरकार नवीन नव्हतं. 1991 मध्ये ते न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत पहिल्यांदा निवडून आले तेव्हाही तिथे त्रिशंकू अवस्था होती. तेव्हा त्यांनी लिबरल पक्षाच्या निक ग्रायनर यांना टेकू दिला होता. त्यामुळे त्यांच्यावर लेबरचा शिक्का मारायला जागा नव्हती.

मग सतरा दिवस कशाला लागले? कारण या तिघांनी 'तुम्ही आम्हाला काय देता' हे विचारण्याआधी 'तुमचे हिशेब दाखवा' असं विचारलं.

आधी वह्या उघडा

निवडणुकीनंतर चार दिवसांनी तिघांनी दोन्ही पक्षांपुढे सात मागण्यांचं एक पान ठेवलं. त्यात कुठे धरण नव्हतं, कुठे रस्ता नव्हता. निवडणुकीत दिलेल्या आश्वासनांचा खर्च सरकारी अर्थखात्याकडून तपासून आम्हाला दाखवा, खात्यांच्या सचिवांशी आम्हाला बोलू द्या, संसदेच्या कामकाजात सुधारणा करा, निवडणूक देणग्यांचं बघा, आणि सरकार पूर्ण तीन वर्षं चालेल याची हमी द्या, असा एकूण सूर.

अ‍ॅबट यांनी आधी नकार दिला. त्यांनी आपले आकडे एका खासगी लेखापाल संस्थेकडून तपासून घेतले होते, अर्थखात्यावर त्यांचा भरवसा नव्हता. थोडं ताणून मग ते तयार झाले. अर्थखात्यानं तपासलं, तर आघाडीनं सांगितलेल्या बचतीत सात ते अकरा अब्ज डॉलरची तूट निघाली. लेबरचे आकडे जवळपास बरोबर होते.

ही तूट म्हणजे लबाडी होती की हिशेबाच्या गृहीतकांचा फरक, यावर आघाडीवाले शेवटपर्यंत भांडले. ते सोडून देऊ. अपक्षाच्या दृष्टीनं गोष्ट साधी आहे. जो माणूस मला तीन वर्षांत अमुक देतो म्हणतोय, त्याच्या खिशात ते आहे का? खिसाच फाटका असेल तर आश्वासनाचा आकडा कितीही मोठा असो, काय उपयोग?

नेमकं हेच विल्की यांच्या बाबतीत घडलं, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. हे गृहस्थ आधी गुप्तवार्ता विश्लेषक होते. इराकवर हल्ला करण्यासाठी दिली जाणारी कारणं खोटी आहेत, म्हणून 2003 मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता. आता त्यांना होबार्टच्या जुन्या सरकारी रुग्णालयासाठी पैसे हवे होते. अ‍ॅबट यांनी एक अब्ज डॉलर देऊ केले. गिलार्ड यांनी 34 कोटी डॉलर. विल्की यांनी 34 कोटी घेतले!

त्यांचं म्हणणं असं की एका खासदारासाठी कुणी असा झटक्यात एक अब्ज काढून देत असेल, तर बाकीच्या राज्यांतल्या रुग्णालयांचं काय? आणि उद्या दुसऱ्या कुणासाठी तो आणखी काय काढून देईल? ज्याला आपण 'जास्त बोली' म्हणतो, तीच त्यांना धोक्याची खूण वाटली. 2 सप्टेंबरला त्यांनी लेबरला पाठिंबा जाहीर केला. ग्रीन्सचा करार आदल्या दिवशीच झाला होता. लेबर 74, आघाडी 73.

कोण टिकेल?

आता तिघं राहिले. पैशाचं दोन्हीकडून थोड्याफार फरकानं जमलं असतं. विंडसर यांच्या मनातला प्रश्न वेगळाच होता : यांच्यापैकी लवकर निवडणूक कोण घेणार नाही?

ऑस्ट्रेलियात पंतप्रधान मुदतीआधी निवडणुकीची शिफारस करू शकतो. ज्याला वाटतं की आत्ता मतदान झालं तर आपण स्पष्ट बहुमतानं येऊ, त्याला दोन अपक्षांची मनधरणी करत बसायची काय गरज? विंडसर यांचा अंदाज असा की अ‍ॅबट यांच्या बाजूनं वारं आहे, ते सत्तेत आले तर काही महिन्यांत संधी साधून पुन्हा लोकांपुढे जातील. त्यातून जुलै 2011 पासून वरिष्ठ सभागृहात ग्रीन्सच्या हातात तराजू जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे अ‍ॅबट यांना विधेयकं अडल्याचं निमित्तही आयतं मिळालं असतं. गिलार्ड मात्र निवडणुकीला घाबरणार. घाबरणारा माणूस तीन वर्षं अपक्षांना धरून राहणार. विंडसर यांनी ही गोष्ट लपवली नाही, उघड सांगितली.

वरवर पाहता हे उलटंच वाटतं. लोकप्रियता ज्याच्याकडे जास्त, त्याला पाठिंबा द्यायचा की जो कमजोर आहे त्याला? पण अपक्षाच्या जागी बसून बघा. बलवान पक्षाला तुमची गरज आज आहे, उद्या नाही. कमजोर पक्षाला ती रोज आहे. तुम्हाला मिळालेलं आश्वासन पुरं व्हायला दोन-तीन वर्षं लागणार असतील, तर तुमची गरज ज्याला सर्वात जास्त दिवस लागणार त्याच्याकडे जाणं शहाणपणाचं. 'जनतेचा कौल कुणाच्या बाजूनं होता' हा नैतिक प्रश्न विचारणारे तेव्हा खूप होते. मतांच्या टक्केवारीत दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत होत्या, त्यामुळे त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. लेबरची योजना देशभर घराघरापर्यंत फायबर न्यायची होती, आघाडीची योजना बरीच स्वस्त आणि मिश्र स्वरूपाची. विंडसर यांचं वाक्य तिथे गाजलं : एकदाच करायचं, नीट करायचं, आणि फायबरनंच करायचं. खेड्यातल्या माणसाला शहराशी जोडणारी ही एकच गोष्ट, आणि तिचा घाऊक दर गावात आणि शहरात सारखाच राहील हे त्यांनी करारात घालून घेतलं.

7 सप्टेंबरला दुपारी आधी कॅटर यांनी वेगळी वाट धरली. त्यांची स्वतःची वीस मुद्द्यांची यादी होती, मतदारही पक्के उजवे. ते अ‍ॅबट यांच्याकडे गेले. 74-74. मग विंडसर आणि ओकशॉट एकत्र पत्रकारांसमोर आले. विंडसर लेबरकडे. 75. एकच जण उरला. ओकशॉट यांनी निर्णय सांगण्याआधी तब्बल सतरा मिनिटं भाषण केलं. अख्खा देश टीव्हीसमोर ताटकळत. त्या भाषणावरून त्यांची पुढे कायम टिंगल झाली, आणि खरं सांगायचं तर थोडी योग्यच होती. पण ते गेले लेबरकडे. 76-74.

कागदावर काय आलं

करार लिहून, सह्या करून, लोकांसमोर ठेवले गेले. अर्थसंकल्पाला मत आणि अविश्वास ठरावाला विरोध, एवढंच दोघांनी कबूल केलं. गंभीर भ्रष्टाचार किंवा गैरकारभार निघाला तर अपवाद. बदल्यात ग्रामीण भागासाठी सुमारे दहा अब्ज डॉलर, संसद चालू असताना पंतप्रधानांची नियमित भेट आणि कामकाजात सुधारणा. प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न 45 सेकंदांत आणि उत्तर चार मिनिटांत संपवायचं, अशा साध्या साध्या गोष्टीसुद्धा त्यात होत्या. ओकशॉट यांना मंत्रिपद देऊ केलं होतं, त्यांनी नाकारलं. मंत्री झालं की सरकारच्या प्रत्येक निर्णयाची बांधिलकी येते, मग मोकळेपणा कसला?

पण लिखित करारालाही एक मर्यादा असते, आणि ती विल्की यांना कळली. रुग्णालयाइतकीच त्यांना महत्त्वाची होती जुगाराच्या यंत्रांवरची बंधनं. खेळणाऱ्यानं आपण किती पैसे हरायला तयार आहोत हे आधीच ठरवून टाकायचं आणि यंत्रानं त्यापुढे खेळू द्यायचं नाही, असा कायदा करायचं गिलार्ड यांनी कबूल केलं होतं. ही यंत्रं ठेवणाऱ्या क्लबवाल्यांनी त्याविरुद्ध जबरदस्त मोहीम उघडली. लेबरचेच खासदार घाबरले. तेवढ्यात, नोव्हेंबर 2011 मध्ये, सभापती हॅरी जेन्किन्स पायउतार झाले आणि लेबरनं विरोधी पक्षातल्या पीटर स्लिपर यांना त्या खुर्चीत बसवलं. सभापती एरवी मतदान करत नाही. म्हणजे लेबरचं एक मत वाढलं आणि विरोधकांचं एक कमी झालं.

आता विल्की नसले तरी चालणार होतं. दोन महिन्यांत, जानेवारी 2012 मध्ये, गिलार्ड यांनी शब्द फिरवला. विल्की यांनी पाठिंबा काढला. सरकार हललंही नाही. करार तोच, सह्या त्याच. बदललं होतं फक्त गणित.

याउलट विंडसर यांनी आपला माल एकदम विकला नाही. 2011 मध्ये खाणींवरच्या कराचं विधेयक आलं तेव्हा त्यांनी मत देण्याआधी अट घातली : कोळशाच्या थरांतून गॅस काढण्याचे भूजलावर काय परिणाम होतात हे तपासायला स्वतंत्र शास्त्रज्ञांची समिती नेमा. ती नेमली गेली. त्यांच्या भागातली काळी कसदार जमीन आणि तिच्याखालचं पाणी हा तिथल्या शेतकऱ्यांचा जिवाचा विषय होता. पुढे 2013 मध्ये, सरकारच्या शेवटच्या दिवसांत, अशा मोठ्या प्रकल्पांचा पाण्यावर होणारा परिणाम केंद्र सरकारनं तपासलाच पाहिजे अशी कायद्यात दुरुस्ती झाली. विंडसर गेले, लेबर गेलं, अ‍ॅबट आले. ती तरतूद राहिली. पहिल्याच दिवशी सगळं मागून घेतलं असतं तर हे मिळालं नसतं, कारण 2010 मध्ये हा प्रश्न इतका पेटलेलाच नव्हता.

आपल्याकडे काय वेगळं?

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण 1995 च्या महाराष्ट्र विधानसभेचं. शिवसेना 73, भाजप 65, मिळून 138. बहुमताला हवे 145. काँग्रेस 80. आणि अपक्ष तब्बल 45! त्यातले बरेच काँग्रेसचे बंडखोर. घर काँग्रेसचं, उंबरठा युतीचा, अशी त्यांची अवस्था. यातल्या पुरेशा जणांनी युतीला हात दिला आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. पश्चिम महाराष्ट्रातल्या अपक्षांचा जोर सिंचनावर होता. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं वाट्याला दिलेलं पाणी 2000 सालापर्यंत अडवायची घाई त्यामागे होतीच, पण जिथे युतीचं स्वतःचं बळ बेताचं होतं त्या भागाकडे मुंबईचं लक्ष इतक्या लवकर वळलं, त्यात या आमदारांच्या संख्येचा वाटा मोठा. फरक एवढाच की कुणी काय मागितलं आणि कुणी काय कबूल केलं याचा सह्यांचा कागद मतदारांसमोर कधी आला नाही.

कायदाही वेगळा आहे. आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला माणूस नंतर एखाद्या पक्षात गेला तर त्याचं सदस्यत्व जातं. पक्षाच्या आमदारांना विलीनीकरणाची पळवाट आहे, अपक्षाला तीही नाही. हरियाणातल्या काही अपक्ष आमदारांनी 2004 मध्ये काँग्रेसमध्ये प्रवेश केला, अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये ते कायम ठेवलं. पाठिंबा द्यायला मात्र आडकाठी नाही, मंत्री व्हायलाही नाही. म्हणून आपल्याकडचा अपक्ष पक्षात जात नाही, थेट मंत्रिमंडळात जातो. गोव्यात 2017 मध्ये 40 पैकी 13 जागा असलेल्या भाजपला मनोहर पर्रीकर यांचं सरकार बनवता आलं, त्यात रोहन खंवटे आणि गोविंद गावडे हे अपक्ष मंत्री झाले. झारखंडात तर 2006 मध्ये मधू कोडा हे अपक्ष आमदारच मुख्यमंत्री झाले.

2003 च्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली. (गोव्यासारख्या छोट्या राज्यांना किमान बारा.) 1995 मध्ये अशी अट नव्हती, वाटायला खुर्च्या भरपूर होत्या. आता अपक्षाला मंत्रिपद द्यायचं म्हणजे स्वपक्षातल्या कुणाचं तरी कापायचं. त्यामुळे बोलणी महामंडळं आणि मतदारसंघाच्या निधीवर सरकतात, आणि आपल्याला ती अजूनच कमी दिसतात.

त्या दोघा ऑस्ट्रेलियन अपक्षांचं पुढे काय झालं? तीन वर्षं सरकार टिकलं, पाचशेहून अधिक कायदे झाले. निवडणुकीआधी 'कार्बनवर कर लावणार नाही' असं गिलार्ड म्हणाल्या होत्या; तरी त्या कराचा कायदा ऑक्टोबर 2011 मध्ये 74-72 नं मंजूर झाला, दोघांच्या मतांसह, आणि तो त्यांच्या मतदारांना फार झोंबला. दोघांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. जून 2013 मध्ये लेबरनं गिलार्ड यांना काढून पुन्हा रड यांना आणलं, त्याच दिवशी दोघांनी निवडणूक लढवणार नसल्याचं सांगितलं. दोन्ही जागा नॅशनल पक्षाकडे परत गेल्या. 2016 मध्ये दोघं पुन्हा उभे राहिले, दोघंही पडले.

कॅटर यांनी मतदारांच्या मनासारखा निर्णय घेतला होता, तरी 2013 मध्ये त्यांचीही मतं धाडकन खाली आली आणि दुसऱ्या पसंतीच्या मतांवर ते कसेबसे तरले. त्यानंतर मात्र ते निवडून येत राहिले, 2025 लाही आले.